‘गौण’ वनोपज आणि एक बाटली मध

१

चंद्रपूर जिल्ह्यातील माजरी हे नाव मराठी वाचकाला ठाऊक असलेच, तर ते रेल्वेमुळे किंवा कोळशामुळे. भद्रावती तालुक्यातील हे गाव वर्धा नदीच्या खोऱ्यात आहे. मुख्य लोहमार्गावरचे ते जंक्शन असून तेथून वणीकडे फाटा फुटतो. भोवतालच्या खुल्या खाणींतून उपसलेल्या मातीचे ढिगारे दुरून टेकड्यांसारखे दिसतात आणि नवख्या माणसाला ते खऱ्या टेकड्याच वाटतात. अशा गावाच्या निमित्ताने मधाविषयी लिहावे, हे काहीसे विसंगत वाटेल. परंतु ‘स्थानिक अन्न’ या आजकाल फार सैलपणे वापरल्या जाणाऱ्या शब्दांची परीक्षा घ्यायची, तर ती रम्य डोंगरगावात न घेता माजरीसारख्या ठिकाणीच घ्यावी, असे आम्हांला वाटते.

या बाजूच्या आठवडी बाजारांत उन्हाळ्याच्या तोंडाशी एखादी बाई जुन्या बाटल्यांत भरलेला मध घेऊन बसलेली दिसते. बाटलीवर चिठ्ठी नसते, किंमत लिहिलेली नसते. मध कधी काळसर तांबडा, कधी करड्या सोन्यासारखा. वर मेणाचे बारीक कण तरंगत असतात. गिऱ्हाईक बाटली उजेडाकडे धरते आणि पहिला प्रश्न विचारते, ‘असली आहे का?’ आम्हीही तोच विचारला होता. बाईंचे उत्तर तयार होते, ‘पाहून घ्या जी.’

पाहून घेण्याचे जे उपाय आपल्याकडे रूढ आहेत, ते सर्वांना माहीत आहेत. पाण्यात थेंब सोडावा, तो न विरघळता तळाला गेला तर मध खरा. कापसाची वात मधात बुडवून पेटवावी, ती जळली तर मध खरा. या परीक्षांवर फारसे विसंबता येत नाही. साखरेचा घट्ट पाकही तळाला जातो, आणि रानातला मध पुष्कळदा पातळ असल्याने तोच परीक्षेत नापास होतो. बरे, चिठ्ठी लावलेल्या बाटलीचा तरी भरवसा धरावा, तर २०२० च्या डिसेंबरात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने बाजारातल्या १३ छापांचा मध तपासून घेतला, त्यांपैकी केवळ ३ छाप सर्व कसोट्यांना उतरले. साखरेचे पाकच असे तयार होऊ लागले होते, की नेहमीच्या तपासणीत ते सापडू नयेत.

म्हणजे ‘असली आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर बाटलीत नाही. ते दुसऱ्या एका प्रश्नात आहे, जो गिऱ्हाईक क्वचितच विचारते : हा मध कोठला, कोणी काढला, कसा काढला, आणि काढण्याचा त्याला अधिकार होता का? प्रस्तुत लेख या दुसऱ्या प्रश्नाचा पाठपुरावा आहे. एखादा पदार्थ जवळ पिकतो म्हणून तो आपला होत नाही. त्याच्याविषयीचे ज्ञान आणि त्याच्यावरचा हक्क ही दोन्ही जिथे शाबूत असतात तिथेच तो ‘स्थानिक’ असतो, असे आमचे म्हणणे आहे. चांदा आणि गडचिरोलीच्या इतिहासात या म्हणण्याला पुरेसा आधार सापडतो.

२

प्रथम माजरीचा भूगोल. चंद्रपूर जिल्ह्याचे अन्नाच्या दृष्टीने ढोबळ दोन भाग पडतात. पूर्वेकडे ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल हा तलावांचा आणि धानाचा मुलूख. त्याच्याही पलीकडे गडचिरोलीचे दाट अरण्य. पश्चिमेकडे वरोरा आणि भद्रावती ही काळ्या मातीची, कापसाची आणि ज्वारीची भूमी. एका बाजूला भात, दुसऱ्या बाजूला भाकर. एका बाजूला झाडीबोली, दुसऱ्या बाजूला वऱ्हाडी. माजरी या दुसऱ्या भागात, पण सीमेपासून फार दूर नाही. ताडोबाचे जंगल याच पट्ट्याला लागून आहे.

१८५४ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि चांदा इंग्रजांकडे गेला. त्यानंतर पंचवीस वर्षांच्या आत या मुलखात दोन गोष्टी झाल्या. १८७० च्या दशकात वरोऱ्याला सरकारी कोळशाची खाण चालू झाली. आणि १८७७ मध्ये वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग आला. त्या मार्गाचे नावच मुळी ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’ असे होते. माणसांसाठी रेल्वे आली आणि तिने मालही नेला, असा प्रकार येथे नाही. माल नेण्यासाठीच ती आली. वरोऱ्याची खाण १९०६ साली बंद पडली, पण तोवर खोऱ्यात इतरत्र कोळसा हाती लागलेला होता. लोहमार्ग दक्षिणेकडे सरकत बल्लारशाहला गेला, आणि १९२९ मध्ये काझीपेठचा दुवा पूर्ण झाल्यावर उत्तर आणि दक्षिण हिंदुस्थान या मार्गाने थेट जोडले गेले. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७५ पासून माजरीच्या खाणी वेस्टर्न कोलफील्ड्सच्या आहेत.

कोळसा ही सर्वांत ‘स्थानिक’ वस्तू. तो त्याच जमिनीच्या पोटात असतो, दुसरीकडून आणता येत नाही. परंतु तो ज्या गावचा, त्या गावाला तो कधीच आपला म्हणता आला नाही. वाघिणी भरून निघतात आणि गावाच्या वाट्याला धूळ उरते. हा नमुना लक्षात ठेवावा, कारण जमिनीच्या वर जे वाढते, त्याचेही कागदोपत्री असेच झाले.

३

जंगलात जे मिळते त्याला आपल्या सरकारी मराठीत ‘गौण वनोपज’ म्हणतात. इंग्रज वनाधिकाऱ्यांनी वनातील उत्पन्नाची मुख्य आणि किरकोळ अशी विभागणी केली, तिचेच हे भाषांतर. मुख्य म्हणजे लाकूड : सागवान, जहाजांचे, रेल्वेच्या स्लीपरांचे. बाकी सारे गौण. मोहफुले, चारोळी, तेंदू, डिंक, लाख, हिरडा, मध, मेण.

साहित्याच्या अभ्यासकाने या ‘गौण’ शब्दापाशी थांबले पाहिजे. गौण कोणासाठी? वनखात्याच्या जमाखर्चाच्या वहीसाठी. ज्या घरात चैत्रात मोहफुले वाळत घातलेली असतात, वर्षभराचे तेल ज्या घराला मोहाच्या बियांतून मिळते, पावसाळ्यात वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब आणि तरोट्याची भाजी यांवर ज्या घराचे जेवण चालते, त्या घरासाठी सागवानच गौण. सागाची फळे कोणी खात नाही. परंतु वही ज्याच्या हातात, विशेषणही त्याचेच ठरते. आणि एकदा ते भाषेत रुजले, की ज्याच्या विरुद्ध ते वापरले जाते तोही तेच विशेषण लावू लागतो.

कायद्याची भाषा आणखी बारकाईने वाचली तर तिच्यात एक चमत्कार दिसतो. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात ‘वनोपज’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात मोहाची फुले आणि मोहाच्या बिया पहिल्या यादीत येतात. त्या वनात मिळोत वा वनाबाहेर, वनोपजच समजाव्यात, अशी ती यादी आहे. म्हणजे शेताच्या बांधावर आजोबांनी राखलेल्या मोहाचे फूलही कायद्याच्या दृष्टीने वनोपज. मध आणि मेण दुसऱ्या यादीत आहेत. वनात मिळाले किंवा वनातून आणले, तरच ते वनोपज. या दुसऱ्या यादीत मधाचे शेजारी कोण आहेत? वन्य पशू, कातडी, सुळे, शिंगे, हाडे, रेशीम आणि कोश. मध हे येथे प्राण्यांपासून मिळणारे उत्पन्न.

आता २००६ चा वनहक्क कायदा पाहावा. त्यातही गौण वनोपजाची व्याख्या आहे, आणि ती वनस्पतीजन्य उत्पन्नाची आहे. बांबू, वेत, टसर, कोश, लाख, तेंदूपाने, कंदमुळे यांच्या रांगेत मध आणि मेण येऊन बसले आहेत. एकोणऐंशी वर्षांत मध प्राण्याकडून वनस्पतीकडे गेला! शास्त्रज्ञ यावर हसतील. आम्हांला मात्र यात कायद्याच्या लेखकांचा निष्काळजीपणा दिसत नाही. १९२७ च्या यादीचे लक्ष जंगलातून काय बाहेर जाते यावर होते; २००६ च्या यादीचे लक्ष लोक जंगलातून काय गोळा करतात यावर होते. गोळा करणाऱ्या बाईच्या टोपलीत लाख आणि मध शेजारी शेजारीच असतात. पहिल्या कायद्यात मध ही सांभाळायची मालमत्ता आहे, दुसऱ्यात तो कोणाचा तरी हक्क आहे. त्या दोहोंच्या मधली एकोणऐंशी वर्षे बाजारात बसलेल्या त्या बाईची बाटली चोरीच्या मालाच्या जवळपासची वस्तू होती. तिच्यावर चिठ्ठी नसण्याचे कारण केवळ निरक्षरता नव्हे.

ज्या माशीवरून हे सारे चालले आहे, तिला वनाची हद्द कळत नाही, हे वेगळेच. ती राखीव वनातल्या बेहड्यावर पोळे बांधते आणि शेतातल्या करंजावरून मकरंद आणते. तिचा मध वनोपज की शेतमाल, हे पोळे कोठे लटकले आहे त्यावर ठरते.

४

या भागात मध देणाऱ्या माश्यांत मोठी म्हणजे आग्या मोहोळाची. तिला पेटीत पाळता येत नाही. उंच झाडाच्या फांदीखाली, कड्याखाली, आता तर पाण्याच्या टाकीखाली आणि पुलाखालीही, ती एकच मोठे उघडे पोळे बांधते आणि ऋतूप्रमाणे जागा बदलते. सातेरी माशी झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत राहते. फुलोरी झुडपात लहानसे पोळे करते. सुश्रुताने मधाचे आठ प्रकार सांगितले आहेत, चरकाने चार. आणि ही विभागणी मुख्यतः कोणत्या माशीचा मध यावरून आहे. म्हणजे जो प्रश्न आज गिऱ्हाईक विचारत नाही, तो संहिताकारांनी विचारला होता. त्यांना त्याची उत्तरे कोणी दिली असतील, हे सांगायला नको. वैद्य झाडावर चढत नसतो.

आग्या मोहोळाचा मध काढण्याची जुनी रीत म्हणजे रात्री पेटता टेंभा घेऊन वर चढायचे, धुराने आणि जाळाने माश्या उठवायच्या, आणि सबंध पोळे कापून खाली आणायचे. माश्या भाजून खाली पडतात, अंडी आणि अळ्या मधाबरोबर पिळल्या जातात, मध गढूळ होतो आणि लवकर आंबतो. या हिंसेची जाणीव आपल्या परंपरेला नव्हती असे नाही. माजरीहून जवळच असलेले भद्रावती हे जैनांचे तीर्थ आहे, आणि जैन श्रावकाचाराच्या ग्रंथांत मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग एका श्वासात सांगितलेला आहे. एका थेंबामागे किती जीव गेले, याचा हिशेब मांडून या परंपरेने मधाला ताटातून बाहेर ठेवले. हे उत्तर तर्कशुद्ध आहे. परंतु ते ज्याच्या घरात दुसरे धान्य आहे त्याचे उत्तर आहे. ज्याचे उन्हाळ्याचे चार पैसे मोहोळावरच अवलंबून आहेत, त्याला त्यागाचा उपदेश करून भागत नाही.

दुसरे उत्तर गेल्या काही दशकांत पुढे आले. आग्या मोहोळाच्या पोळ्यात मध वरच्या बाजूला, फांदीलगत एका जाड भागात साठवलेला असतो. पिल्ले खालच्या पडद्यात असतात. अंगभर संरक्षक पोशाख घालून, माश्या न जाळता, नेमका तो वरचा भागच कापून घेतला, तर माश्या पोळे सोडत नाहीत. फुलोरा असेल तर तो भाग पुन्हा भरतात, आणि त्याच पोळ्यातून पुन्हा मध मिळतो. वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस या संस्थेने आणि तेथील गोपाल पालीवाल यांनी या पद्धतीचा पाठपुरावा केला. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा या गोंड गावाने, ज्याला बाहेरचे जग ‘मेंढा-लेखा’ म्हणून ओळखते, अशाच अहिंसक रीतीने मध काढण्याचा स्वीकार केला.

मेंढ्याची कीर्ती वेगळ्या कारणाने आहे. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही तिथली घोषणा आता पाठ्यपुस्तकी झाली आहे. २००९ मध्ये या गावाला वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री व मुख्यमंत्री यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. मिलिंद बोकील यांच्या ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकामुळे हा इतिहास मराठी वाचकांपर्यंत पोहोचला. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची गोष्ट म्हणजे मेंढ्यातील अभ्यासगट. निर्णय ग्रामसभेने सर्वसहमतीने घ्यायचा. पण त्याआधी अभ्यासगटात बसून विषय समजून घ्यायचा. मध, मासे, जंगल, कायदा, सर्वच विषय असे चर्चेला आले.

येथे ज्ञान आणि हक्क यांचा परस्परसंबंध उघड होतो. ज्याला पुढच्या वर्षी त्याच झाडाखाली येण्याचा हक्क आहे, तोच पोळ्याचा खालचा भाग शिल्लक ठेवील. ज्याला आज रात्री रखवालदाराच्या नजरेआड काम उरकायचे आहे, तो सबंध पोळे कापून नेणारच. जुनी रीत क्रूर होती, हे खरे; पण ती निव्वळ अज्ञानाची रीत नव्हती. चोरासारखे वागवलेल्या माणसाच्या घाईचाही तिच्यात वाटा होता. आपण ‘असली’ मधाची जी शुद्धता शोधतो, ती पिळलेल्या अळ्यांशिवायचा, निथळू दिलेला, आंबट न होणारा मध, ही शेवटी त्या माणसाला मिळालेल्या निवांतपणाची चव आहे.

५

स्थानिक अन्नाचे गोडवे गाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट विसरू नये. जवळचे अन्न आपोआप हितकर नसते. दुर्गा भागवत तरुणपणी मध्य प्रांतातील आदिवासींमध्ये संशोधनासाठी हिंडत असताना विषारी सुरण खाण्यात आला आणि त्यांना कित्येक वर्षे आजार काढावा लागला, हे त्यांच्या वाचकांना ठाऊक आहे. त्याच दुर्गाबाईंनी पुढे ‘ऋतुचक्र’ लिहिले आणि ‘खमंग’ही. अन्नाकडे भाबडेपणाने न पाहण्याची त्यांची शिस्त आम्हांला अनुकरणीय वाटते. रानातला कंद कोणता, तो किती वेळा उकडायचा, कोणत्या महिन्यात खायचा नाही, हे सारे मिळून तो कंद ‘अन्न’ होतो. ज्ञान वजा केले की उरते ते केवळ विष.

पूर्व विदर्भातील लाखोळीच्या डाळीचा इतिहासही असाच आहे. धान कापण्यापूर्वी उभ्या पिकात, बांधीतल्या उरल्या ओलीवर लाखोळी फेकून देतात. तिला वेगळी मशागत लागत नाही. गरिबाचे हे पीक. मात्र तिच्यात एक विषारी द्रव्य असते, आणि महिनोन्महिने तिच्यावरच भागवावे लागले तर पाय लुळे पडतात. विंध्य प्रदेशात वेठबिगारांना मजुरी म्हणून हीच डाळ दिली जाई आणि त्यांच्यात हा पांगळेपणा पसरला. १९६१ नंतर अन्नभेसळविषयक नियमांखाली तिच्या विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्रात ती बंदी पुढे उठवली गेली. दोष डाळीचा की मजुरीचा, हा प्रश्न दरम्यानच्या काळात फारसा कोणी विचारला नाही. भिजवून, ते पाणी फेकून, भाताबरोबर आणि भाजीबरोबर थोडी लाखोळी खाणाऱ्या घराचे अन्न आणि मालकाने दुसरे काही न देता पुढे टाकलेली लाखोळी, या एकाच पदार्थाच्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीला स्थानिक अन्न म्हणावे. दुसरीला म्हणू नये.

याउलट उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातीलच आहे. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ मध्ये सुमारे १,००० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तेंदूपाने हे या भागात रोख पैशाचे सर्वांत मोठे साधन. पण चांगली कोवळी पाने यावीत म्हणून झाडे छाटली जातात, आगी लावल्या जातात, आणि मग झाडाला फळे धरत नाहीत. पाचगावच्या ग्रामसभेने तेंदूपाने तोडणे थांबवले. तेंदूची गोड फळे माणसांना आणि पाखरांना खाता यावीत, असे त्यांनी ठरवले. हाती येणारी रोकड सोडून फळ निवडणे, हा निर्णय बाहेरच्या कोणी सांगितला असता तर तो जुलूम ठरला असता. ज्यांचे जंगल त्यांनी घेतला, म्हणून त्याला अर्थ आहे.

६

अन्नाच्या स्थानिकपणात ज्ञान आणि हक्क यांच्या पलीकडेही एक घटक असतो, आणि त्याची साक्ष माजरीपासून जवळच, वरोऱ्याला, मिळते. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन उभे राहू लागले. कुष्ठरुग्णांनी विहीर खोदली, जमीन फोडली, भाजीपाला पिकवला. तो खाऊन उरला तेव्हा वरोऱ्याच्या बाजारात नेला. कोणी घेईना.

याहून स्थानिक भाजी कोणती असणार? पिकवणारे हात तालुक्याचे, माती तालुक्याची, बाजार जवळचाच. पण त्या हातांची बोटे झडलेली होती. १९५४ मध्ये सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले, त्यांनी तिथे बांधकाम केले, तिथलेच अन्न खाल्ले. आणि मग गावाची भीती ओसरू लागली. सातासमुद्रापलीकडची माणसे जेवतात हे पाहिल्यावर शेजारच्या माणसाची भाजी शेजाऱ्याने विकत घेतली.

‘स्थानिक खा’ या आजच्या उपदेशात हा इतिहास येत नाही. आपल्या समाजात कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या हातचे खाऊ नये, याचे नियम अंतराच्या नियमांहून फार कडक होते. आणि ते नियम ज्यांनी सोसले त्यांना ‘आपल्या गावचे अन्न’ हे शब्द ऐकून आपोआप उमाळा येईल, अशी अपेक्षा कोणी करू नये. शहरात निघालेल्या लोहमार्गाच्या मालासारखेच हेही एक बाहेर जाणे आहे. मात्र येथे वस्तू गावातच राहते आणि माणूस बाहेर ठेवला जातो.

माजरीसारख्या खाणगावात याचे एक सौम्य प्रत्यंतर रोज दिसते. खाणीच्या वसाहतीत तेलुगू, हिंदी, छत्तीसगढी बोलणारी घरे आहेत. त्यांच्या दृष्टीने स्थानिक काय? बाजारात अंबाडीची एकच जुडी असते. शेतकरी बाई तिला अंबाडी म्हणते, तेलंगणातून आलेली गृहिणी गोंगुरा म्हणते, आणि दोघींच्या घरी ती आपापल्या रीतीने शिजते. स्थानिकपणा हा जन्माचा दाखला नव्हे. जी माती आपल्याला पोसते, तिच्याशी आणि ती कसणाऱ्याशी व्यवहार ठेवण्याची ती एक रीत आहे. आणि ती शिकता येते.

७

पुन्हा त्या बाटलीकडे येऊ. आम्ही ती घेतली तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नव्हतेच. पण बाईंच्या शेजारी थोडा वेळ बसल्यावर दुसरा प्रश्न विचारता आला. त्यांनी झाड सांगितले, नाला सांगितला, दिवस सांगितला. काढणारा त्यांच्याच घरचा होता. माश्या जाळल्या का, या प्रश्नावर त्या क्षणभर थांबल्या आणि ‘थोडा धूर केला जी’ एवढेच म्हणाल्या. ते उत्तर आम्हांला खोटे वाटले नाही, आणि पूर्णही वाटले नाही. कायद्याने आणि बाजाराने त्यांना जेवढे सांगण्याची मुभा दिली आहे, तेवढे त्यांनी सांगितले.

मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीत राहून रानातले शब्द जमवले आणि मराठीत आणले. त्यांतले पुष्कळ शब्द त्यांना जंगलातल्या माणसांनीच दिले होते. साहित्याच्या विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच, की शब्दकोशात गेलेल्या रानशब्दांइतकेच दफ्तरातून आलेल्या शब्दांकडेही पाहावे. ‘रानमेवा’ हा शब्द ऐकताना झाडावर चढलेला माणूस दिसत नाही. ‘गौण वनोपज’ ऐकताना चूल दिसत नाही. एक शब्द लाडाने लपवतो, दुसरा तुच्छतेने. वर्गात ‘मधुर’ या विशेषणाची व्युत्पत्ती सांगताना मध कोणी काढला याचाही उल्लेख झाला, तर शिकवणे अधिक पुरे होईल.

निघताना बाईंनी बाटलीच्या तोंडाला कापडाची चिंधी घट्ट बांधून दिली आणि सांगितले, ‘थंडीत गोठते जी, फेकू नका. उन्हात ठेवजा.’ मार्गशीर्षात बाटलीच्या तळाशी खरोखरच पांढरट रवा बसला. घरी आलेल्या एका पाहुण्याने तो पाहून, साखर मिसळली आहे, असा निर्वाळा दिला. आम्ही बाटली खिडकीत, उन्हात ठेवली. दुपारपर्यंत मध पुन्हा वाहता झाला.